दूरध्वनीच्या तारेचें टोंक

गेल्या पावसाळ्यांत एके रात्रीं वसतिगृहांतील एका लहान मुलास दम्याचा जोराचा झटका आला. मेट्रनबाईंनीं ताबडतोब आपल्या खोलींतील इंटरकॉमचा फोन उचलला. पण कानाशीं नेहमींचा गुणगुणाट येईना. त्यांनीं फोन ठेवून पुन्हां उचलला, बटणें दाबून पाहिलीं, यंत्र मुकेंच. त्या कोपऱ्यांत मोबाइलही धड लागत नाहीं. शेवटीं त्या भर पावसांत मैदान ओलांडून फाटकावरील पहारेकऱ्यापर्यंत धांवत गेल्या, तेव्हां कोठें गाडी निघाली. देवाच्या कृपेनें मुलगा वेळेवर दवाखान्यांत पोंचला व चार दिवसांनीं हंसत परत आला. परंतु जीं दहा मिनिटें त्या धांवपळींत गेलीं, तीं जाण्याचें कांहींएक कारण नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं तपास केला. भिंतीवरून गेलेली तार शाबूत होती, फोनचें यंत्र शाबूत होतें, कचेरींतील इंटरकॉमची पेटीही शाबूत होती. दोष निघाला तो बोटाच्या पेराएवढाही नसलेल्या एका पारदर्शक प्लगांत. आणि तो प्लग जून महिन्यांत मींच, मोठ्या हौसेनें, आपल्या हातांनीं बसविला होता. बसविला त्या दिवशीं फोन खणखणीत वाजला होता. मग दोन महिन्यांनीं तो मुका कां व्हावा? या प्रश्नाचें उत्तर शोधतांना मला जें समजलें, तें विद्यार्थ्यांपुढें व घरीं अशीं कामें स्वतः करूं पाहणाऱ्या पालकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु.

कोणी म्हणेल, घरोघर मोबाइल आल्यावर तारेच्या फोनाची विद्या कशाला? परंतु ज्यांनीं प्रकाशतंतूचें म्हणजे फायबरचें कनेक्शन घेतलें आहे, त्यांनीं भिंतीवरची ती डबी एकदां उलटून पाहावी; बहुतेक डब्यांस फोनासाठीं हेंच चौकोनी भोंक असतें. सोसायट्यांतील इंटरकॉम, दवाखान्यांतील व कचेऱ्यांतील फोन यांच्या तारांच्या टोंकांसही हाच प्लग असतो. आजोबांच्या खोलींतून स्वयंपाकघरांत हांक पोंचवावयाची असेल, तर तारेचा फोन आजही मोबाइलापेक्षां सोयीचा पडतो. कारण तो उशाखालीं हरवत नाहीं.

आतां प्रत्यक्ष वस्तूकडे वळूं. एखादा टाकून दिलेला जुना प्लग व एक भिंग घेऊन बसल्यास पुढील वर्णन समजण्यास सोपें जाईल. प्लगाच्या एका अंगास प्लॅस्टिकची लवचिक जीभ आहे. सॉकेटांत शिरतांना ती दबते व आंत गेल्यावर 'टक्' असा आवाज करून अडकते. दुसऱ्या अंगास सोनेरी रंगाचीं बारीक पातीं उभीं बसविलेलीं दिसतील. प्रत्येक पात्याचा वरचा कांठ सॉकेटांतील स्प्रिंगेस टेकतो. खालच्या कांठास दांत आहेत. दुकानांतून आणलेल्या कोऱ्या प्लगांत हीं पातीं वर उचललेलीं असतात. तारा आंत सारून विशिष्ट पक्कडीनें दाबलें म्हणजे पातीं खालीं जातात, दांत तारेच्या रंगीत आवरणांतून आरपार घुसतात व आंतील तांब्यास भिडतात. डाख नाहीं, स्क्रू नाहीं, आंतील तार सोलणें नाहीं. त्याच दाबानें मागच्या बाजूस प्लॅस्टिकची एक पाचर केबलच्या बाहेरील कवचावर घट्ट बसते. हेतु हा कीं, ओढ बसली तर ती कवचावर बसावी, नाजूक तारांवर बसूं नये. या सर्व कृतीस कारागीर 'क्रिंप करणें' म्हणतात.

हा प्लग मूळचा अमेरिकेंतील बेल कंपनीच्या घराण्यांतला. त्यापूर्वीं फोनाच्या दोरीच्या टोंकास पत्र्याचे दुटोंकी चिमटे असत व ते स्क्रूखालीं आवळावे लागत. यंत्र कंपनीचें, तार कंपनीची आणि बसवावयास येणारा माणूसही कंपनीचाच. १९६८ सालीं तेथील दळणवळण मंडळानें 'कार्टरफोन' या नांवाच्या प्रकरणांत असा निर्णय दिला कीं, जाळ्यास अपाय होत नसेल तर गिऱ्हाइकास बाहेरचें यंत्रही कंपनीच्या तारेस जोडतां यावें. पुढें १९७० नंतरच्या दशकांत अशा यंत्रांच्या नोंदणीचे नियम झाले व सर्वांसाठीं ठराविक सॉकेटें मुक्रर झालीं. 'आर. जे. ११' या नांवांतील आर. जे. हीं अक्षरें 'नोंदलेलें सॉकेट' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें होत. तेव्हां हें नांव खरें पाहतां सॉकेटाचें व त्यांतील जोडणीचें; दुकानदार मात्र प्लगासही त्याच नांवानें ओळखतो, आणि त्याच्याशीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं. आपल्याकडे मुंबईंत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ सालीं सुरू झालें. पुढें दीर्घ काळपर्यंत फोन घरांत असला तरी घरमालकाचा नसे. भिंतीवरील 'रोझेट' नांवाच्या डबींत तारा आवळल्या जात, आणि ती डबी उघडणें हें लाइनमनचें काम. या प्लगामुळें तें काम घरच्या माणसाच्या हातीं आलें. आणि त्याबरोबर चुकण्याची मुभाही आली.

माझी चूक समजण्यासाठीं, हा प्लग मूळ कोणत्या तारेसाठीं घडविला गेला तें पाहिलें पाहिजे. पैठणीच्या पदरांतील जर सर्वांनीं पाहिली आहे. रेशमी धाग्याभोंवतीं धातूची पातळ, चपटी फीत गुंडाळून ती करतात. म्हणून पदर हातांत मऊ लागतो व घडी घातली तरी जर सहसा मोडत नाहीं. फोनाची जुनी चपटी दोरी अगदीं याच युक्तीनें केलेली असते. धाग्याभोंवतीं तांब्याची कागदासारखी पातळ फीत गुंडाळलेली, आणि अशा फितींच्या जुडग्यावर रंगीत आवरण. इंग्रजींत या तारेस जें नांव आहे तेंही जरीवरूनच पडलेलें आहे. अशी दोरी हजारों वेळां वांकली तरी तुटत नाहीं. परंतु तिला डाख द्यावा तर आंतील धागा जळतो, आणि स्क्रूखालीं आवळावी तर फीत कापली जाते. म्हणूनच आवरणांतून दांत भोंसकून जोडण्याची ही युक्ति फोनाच्या दोरीस इतकी मानवली.

परंतु बाजारांत तारा एकाच जातीच्या नसतात. जरीच्या तारेखेरीज दुसरी जात पिळाच्या तारेची; तिच्यांत केंसासारखे बारीक तांब्याचे तंतु, बहुधा सात, एकत्र पिळलेले असतात. तिसरी एकसंध तार. आंत तांब्याची एकच भरीव काडी, जाडी सुमारें अर्धा मिलिमीटर. ही भिंतीवरून, पट्टींतून किंवा नळींतून कायमची नेण्यासाठीं असते. वांकविली तशी राहते आणि वरचेवर वांकविली तर मोडते. वायरमन लोक या दोन जातींस 'मल्टिस्ट्रँड' व 'सिंगल' म्हणतात. दुकानांत त्याच नांवांनीं मागाव्या.

आतां भिंगांतून पात्याचे दांत पाहा. पिळाच्या व जरीच्या तारेसाठीं केलेल्या पात्याचे दांत एका सरळ रेषेंत असतात. ते तारेच्या मधोमध सुईप्रमाणें शिरतात. बारीक तंतु बाजूस सरतात व दांतास वेढून दाबून धरतात. एकसंध तारेंत असा दांत शिरणार कोठें? ती तर भरीव काडी. दांत तिच्यावरून घसरतो, नाहींतर तिला खांच पाडतो, नाहींतर तिच्या कुशीस कसाबसा टेकून राहतो. म्हणून एकसंध तारेच्या प्लगांत दांत एकाआड एक डावीउजवीकडे झुकविलेले असतात. घोड्यावर मांड ठोकावी त्याप्रमाणें ते काडीच्या दोहों बाजूंस बसतात व तिला चिमटींत धरतात. उलटपक्षीं, हा फांकलेल्या दांतांचा प्लग पिळाच्या तारेवर बसविला तर दांत तंतूंच्या बाहेरून निघून जाण्याचा संभव. दोन्ही जातींस चालणारे प्लगही मिळतात. परंतु ते तसे आहेत हें वेष्टनावर लिहिलेलें असावें, दुकानदाराच्या मान हलविण्यावर विसंबूं नये.

मीं काय केलें होतें? भिंतीवरून आलेली अर्ध्या मिलिमीटरची एकसंध तार थेट फोनापर्यंत आणून तिच्यावर चपट्या दोरीचा साधा प्लग दाबला होता. तपासाच्या दिवशीं तो उभा कापून पाहिला. दोन तारांपैकीं एकीच्या कुशीवर दांताचा नुसता ओरखडा होता. जून महिन्यांत तेवढ्या स्पर्शानें काम भागलें. पुढें टेबल पुसतांना, फोन सरकवितांना तार हलत गेली. ताठ तार दोरीसारखी नमत नाहीं. ती सगळा हिसका प्लगालाच देते. तशांत ही केबल गोल होती व प्लग चपट्या दोरीचा. त्यामुळें मागची पाचर कवचावर धड बसलीच नव्हती, आणि प्रत्येक ओढ थेट दांतापर्यंत पोंचत होती. हळूहळू दांत व तांबें यांमध्यें फट पडली, पावसाळी हवेनें तांब्यावर काळपट थर धरला, आणि ज्या रात्रीं गरज होती त्या रात्रीं प्रवाह बंद. अशा चुकीचें वाईट हेंच कीं, ती केली त्या दिवशीं कळत नाहीं.

म्हणून माझा पहिला सल्ला प्लग कोणता घ्यावा हा नसून, भिंतीवरील तारेस प्लग लावूंच नये हा आहे. एकसंध तारेचें टोंक भिंतीवर बसविलेल्या सॉकेटांत, स्क्रूखालीं किंवा तारा दाबून बसवावयाच्या खांचेंत, संपवावें. तेथून फोनापर्यंत मऊ दोरी न्यावी. आणि ती दोरी शक्य तों कारखान्यांत दोन्ही टोंकांस प्लग बसवून आलेलीच घ्यावी. प्लग हें हलणाऱ्या दोरीचें टोंक आहे, भिंतीवरच्या तारेचें नव्हे. हातानें प्लग बसविण्याचा प्रसंग मग दोरी हव्या त्या लांबीची करावयाची असेल, किंवा उंदरानें टोंक कुरतडलें असेल, तेवढ्यापुरताच उरतो.

तो प्रसंग आला म्हणजे निवड अशी करावी. प्लगावर दोन आंकडे सांगतात: पहिला घरांचा, दुसरा त्यांत बसविलेल्या पात्यांचा. फोनाच्या प्लगास सहा घरें असतात. '६ पी २ सी' म्हणजे सहा घरें व मधलीं दोनच पातीं, '६ पी ४ सी' म्हणजे चार पातीं. एका फोनास दोन तारा पुरतात, व त्या नेहमीं मधल्या दोन घरांत येतात. यंत्रापासून कानाच्या दांड्यापर्यंत जाणाऱ्या गुंडाळ्यादार दोरीचा प्लग याहून अरुंद, चार घरांचा असतो. संगणकाच्या जाळ्याचा आठ घरांचा, सुमारें पावणेबारा मिलिमीटर रुंद. फोनाचा प्लग साडेनऊ मिलिमीटरांहून किंचित् अधिक असल्यानें तो संगणकाच्या सॉकेटांत शिरतो खरा, पण त्याच्या कडेच्या भरीव भिंतीमुळें त्या सॉकेटाच्या दोन्ही टोंकांच्या स्प्रिंगा वांकून खराब होऊं शकतात. लहान मुलांनीं हा उद्योग करूं नये. मोठेही करतात म्हणून सांगितलें.

दोरी चपटी कीं गोल, हें प्लग घेतांना सांगावें. तारेचें रंगीत आवरण धरून जाडी एक मिलिमीटरच्या आंत असावी, कारण घरांमधील अंतरच तेवढें आहे. पात्यांवरील सोनेरी रंग हा नुसता शोभेचा नव्हे. तांबें गंजतें, चांदी काळवंडते, सोनें तसेंच राहतें. आणि फोनाचा प्रवाह इतका अल्प कीं, पातळशा काळपट थरानेंही तो अडखळतो. अमेरिकेच्या नियमांत या पात्यांवर सोन्याचा थर ५० दशलक्षांश इंच जाड असावा असें घातलें होतें. म्हणजे केंसाच्या जाडीचा साधारण पन्नासावा भाग. स्वस्त प्लगांवर त्याचा अंशच असतो. कोंकणांत किंवा मुंबईच्या दमट हवेंत दोन रुपये वांचविण्यासाठीं असा प्लग घेऊं नये.

काम सुरू करण्यापूर्वीं तार दुसऱ्या टोंकाकडून सोडवावी. फोनाच्या तारेंत स्वस्थ असतांना सुमारें ४८ व्होल्टचा दाब असतो. त्यानें सहसा कळतही नाहीं. परंतु घंटा वाजतांना तोच ७५ ते ९० व्होल्टपर्यंत उलटसुलट होतो, आणि नेमक्या त्या क्षणीं तार बोटांत असेल तर चांगलाच झटका बसतो. वीज कडाडत असतांना हें काम मुळींच करूं नये. घरांतील दिव्यांच्या तारा व फोनाच्या तारा एकाच नळींतून कधींही नेऊं नयेत. विद्यार्थ्यांनीं घरीं हात घालावयाचा तो वडीलधारें माणूस जवळ असतांनाच.

पुढची कृति थोडक्याची, पण घाईची नव्हे. दोरीचें टोंक काटकोनांत साफ कापावें. पक्कडीस बाहेरील कवच सोलण्याची पाती असते. तिनें सुमारें सहा मिलिमीटर कवच काढावें. आंतील तारांचें रंगीत आवरण सोलूं नये. तें काम दांतांचें आहे. हात हलका ठेवावा, कारण येथें आंतील आवरणास चीर पडली तर दोन तारा एकमेकींस टेकून फोन 'एंगेज' राहतो. तारा सपाट ओळींत ठेवून प्लगांत साराव्या, आणि प्लगाच्या नाकाकडून पाहावें: प्रत्येक तारेचें टोंक आंतल्या भिंतीस टेकलेलें दिसलें पाहिजे. तसेंच बाहेरचें कवच पाचरीच्या खालपर्यंत आंत आलें आहे कीं नाहीं हें पाहावें. दोहोंपैकीं एक जरी कमी असेल तर बाहेर काढून पुन्हां कापावें. मग पक्कडीच्या योग्य घरांत प्लग बसवून मूठ एकदां शेवटपर्यंत दाबावी. दांतेरी चाकाची पक्कड पुरता दाब बसल्यावांचून सुटतच नाहीं. नवशिक्यानें तीच घ्यावी. चापट पक्कडीनें किंवा स्क्रूड्रायव्हरनें एकेक पातें ठोकून बसविणारे लोक मीं पाहिले आहेत. त्या प्लगाचीं पातीं उंचसखल राहतात, आणि वर राहिलेलें पातें सॉकेटाच्या स्प्रिंगेस कायमचें वांकवितें; मग प्लग बदलून भागत नाहीं. बसलेला प्लग पुन्हां वापरतां येत नाहीं, म्हणून दोन लागत असतील तर सहा आणावे.

तारांच्या क्रमाविषयीं एक गंमत आहे. चपटी दोरी टेबलावर न पिळतां सपाट ठेवली असतां दोन्ही प्लगांच्या जिभा वरच्याच बाजूस आल्या, तर एका टोंकाची पहिली तार दुसऱ्या टोंकास शेवटची ठरते. फोनाच्या दोरींत हीच रूढ पद्धति आहे. संगणकाच्या दोरींत याच्या उलट, पहिली ती पहिलीच. अमेरिकन रीतीनें चपट्या दोरींत रंग ओळीनें काळा, तांबडा, हिरवा व पिवळा. मधले तांबडा व हिरवा हे एका फोनाचे. आजच्या फोनास तारा अदलाबदल झाल्या तरी चालतें, कारण आंत त्या सरळ करून घेणारी योजना असते. १९६३ सालीं अमेरिकेंत बटणांचे फोन निघाले, त्यांतील जुन्या यंत्रांस हें चालत नसे. बोलणें नीट होई, पण बटण दाबलें तर सूर निघत नसे. भिंतीवरील केबल जोडीजोडीनें पिळलेली असेल तर एका फोनाच्या दोन्ही तारा एकाच जोडींतल्या घ्याव्या, जसें निळी व तिची पांढरी-निळी. एक तार एका जोडींतली व दुसरी भलत्याच जोडींतली घेतली तर शेजारच्या फोनावरचें बोलणें आपल्या कानीं पडतें. सोसायटींतील अशा एका जोडणीमुळें कोणाची कोणती भाजी करपली हें सर्व मजल्यांस कळत असे, असें मला एका वायरमननें सांगितलें.

जोडणी झाल्यावर फोन वाजला म्हणजे काम झालें असें मीं समजलों, तेंच चुकलें. मल्टिमीटर असल्यास दोरीच्या दोन्ही टोंकांस लावून प्रत्येक तार सलग आहे व शेजारच्या तारेस टेकलेली नाहीं हें पाहावें. आणि तो लावलेला असतांना प्लगाजवळ दोरी चारी दिशांस हलवावी. कांटा किंवा आंकडा किंचितही थरथरला तर तो प्लग कापून टाकावा. नंतर दोरी बेतानें ओढून पाहावी. कवच तिळभरही सरकतां कामा नये. शेवटीं फोन जोडून दुसरीकडून घंटा वाजवावी व बोलतांना दोरी पुन्हां हलवावी. खरखर आली तर आवाजास दोष देऊं नये, प्लगास द्यावा.

मेट्रनबाईंच्या खोलींत आतां भिंतीवर सॉकेट बसविलें आहे व तेथून फोनापर्यंत कारखान्यांतून तयार आलेली दोरी आहे. दर शनिवारीं संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर वसतिगृहांतील एक मुलगा त्या फोनावरून फाटकास हांक देतो व वहींत वेळ लिहितो. दम्याचा झटका आलेल्या त्या मुलानें ही पाळी आपणहून दोनदां मागून घेतली. जून महिन्यांतला तो प्लग मीं कांचपट्टीवर चिकटवून प्रयोगशाळेंत ठेविला आहे. तारेवरचा ओरखडा त्यांत स्पष्ट दिसतो. ज्यांस पाहावयाचा असेल त्यांनीं मधल्या सुटींत यावें. भिंग तेथेंच आहे.